तळघराचा एक तारा

१

मोहोर बाजारात यायच्या आधीच कुणीतरी तिचा जीव घेतला होता.

वहिनी आमच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात दादाची. चपलेचा रंग साडीशी जुळला नाही तर ही बाई अर्ध्या जिन्यातून माघारी फिरते. तिनं तोंड उघडायच्या आतच मी ओळखलं, काहीतरी भयंकर झालंय.

"गुंडी झोपलीय?"

"आत्ताच. हळू बोल."

"हळूच बोलतेय!" वहिनी ओरडली.

आत पाळण्यात माझी सात महिन्यांची गुंडी चुळबुळली आणि नशिबानं पुन्हा शांत झाली. वहिनीनं फोन माझ्या नाकासमोर धरला.

'पेल्याभोवती' हे बिअरवेड्यांचं ऑनलाइन मंडळ. बिअर प्यायची, मग रंग, फेस, वास, चव अशा क्रमानं चार ओळी लिहायच्या आणि एक ते पाच तारे द्यायचे. सगळे टोपणनावानं वावरतात. आमच्या शहरातला माणूस पेला उचलायच्या आधी तिथं डोकावतो. दादाच्या छोट्या ब्रुअरीची 'गडद' ही काळी बिअर याच मंडळानं डोक्यावर घेतली, म्हणून तर आमचं दुकान चाललं. शनिवारी त्याच ब्रुअरीतून मोहोर ही नवी बिअर निघायची होती. आणि आज, गुरुवारी सकाळी, 'तळघर' नावाच्या गृहस्थानं लिहिलं होतं:

'मोहोर. रंग फिकट सोनेरी, जरासा गढूळ. फेस पांढरा, बारीक, बराच टिकतो. चव कडू. आधी कडू, मग कडू, शेवटी किंचित गोड पाणी. उद्या लोक या पाण्याची आरती करतील, खुशाल करोत. एक तारा.'

खाली गर्दी जमली होती. 'तळघर म्हणतो म्हणजे झालंच. माझ्याकडूनही एक.' 'मीही एकच देतो, वाट कशाला बघायची?' न पिता, न बघता, माणसं पटापट एकेक तारा टाकून पुढं गेली होती. देवळाबाहेर चपला काढून टाकाव्यात तशी.

"साखळीशेठचा फोन आला होता," वहिनी म्हणाली. साखळीशेठ म्हणजे शहरभर बार असलेले आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. "शनिवारपर्यंत तारे वर आले नाहीत तर तो मोहोर उचलणार नाही. आणि ही मेली नुसती वासावर जगणारी बिअर. महिनाभर पडून राहिली की ओतून द्यायची."

"पण बिअर बाहेर गेलीच नाहीये ना अजून? मग या तळघरानं प्यायली कुठं?"

"तेच तर! घरातलंच काम आहे. नवीनं केलंय."

नवी म्हणजे मोहोर जिनं बनवली ती आमची ब्रूअर. मी बाळंतपणासाठी घरी बसले आणि माझ्या जागी ती आली. तिला येऊन वर्ष होत आलं, तरी आम्ही सगळे नवीच म्हणतो. मी तर मुद्दाम म्हणते.

"स्वतःच्याच बिअरला ती का नावं ठेवेल?"

"मोठ्या ब्रुअरीनं बोलावलंय तिला. इथं मोहोर बुडवायची, तिथं जाऊन तीच कृती वेगळ्या नावानं काढायची. आहे काय अन् नाही काय! संध्याकाळी पाच वाजता तिला जा म्हणून सांगणार आहोत. पण तुझा दादा म्हणतो, पुरावा हवा. तूच शोध. तुझं नाक आहे."

माझं नाक! गुंडी पोटात असल्यापासून मी बिअरचा थेंब घेतलेला नाही, पण वास घ्यायला कुणाची बंदी आहे? खरं सांगायचं तर मला आतून गुदगुल्या झाल्या. नवी दोषी निघाली तर माझी खुर्ची रिकामी होणार होती.

पण ते परीक्षण वाचताना काहीतरी खटकलं होतं. त्या चार ओळींत काहीतरी नव्हतं. काय ते बोट ठेवून सांगणार, तेवढ्यात गुंडीनं भोकाड पसरलं आणि विचार उडून गेला.

२

गुंडीला झोळीत घालून, छातीशी बांधून मी ब्रुअरीत गेले. दादानं पुढं होऊन तिला उचललं, गालाची पापी घेतली आणि मांडीवर नाचवू लागला.

ही पोर जन्मली त्या दिवशी दादानं तिच्या टाळूत नाक खुपसून दवाखान्यात जाहीर केलं होतं: "यीस्ट! अगदी ताजं! ही आपल्याच धंद्यात येणार." नर्स घाबरली होती बिचारी. दादाचं नाकच तसं. आमच्या बाबांचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. दुपारी बाबा दुकानाचं दार लोटून तिथंच आडवे व्हायचे, तेव्हा दादा माझे डोळे बांधायचा आणि एकेक वस्तू नाकाखाली धरायचा. ओळख. खडू. ओळख. चामड्याचा पट्टा. मला जे नाक आहे म्हणतात ते त्यानं घडवलेलं.

"तुला कोण वाटतं, दादा?"

"मला काय वाटायचंय," तो गुंडीकडे बघत म्हणाला. "तुझी वहिनी म्हणते तसं असेल."

नवी टाक्यांपाशी नळ्या धूत होती. रबरी बूट, कोपरापर्यंत हातमोजे, डोळे सुजलेले.

"ताई, वहिनींनी पाठवलंय ना तुम्हाला? माझी झडती घ्यायला."

"वास घ्यायला आलेय."

टाकीच्या नळातून पेलाभर मोहोर काढून तिनं माझ्या हातात दिली, आणि मी कशी बघते ते बघत उभी राहिली.

मी पेला नाकाशी नेला.

संत्र्याची साल नखानं काढताना तोंडावर उडतो तो फवारा. त्याच्यामागून नुकतंच कापलेलं गवत. आणि सगळ्यात शेवटी, अगदी हळू, पाव भाजून झालेल्या खोलीची ऊब. मी डोळे मिटले आणि उघडावेसे वाटेनात. हेव्याचं रडू डोळ्यांत येत नाही, घशात येतं. माझ्या टाकीतून, माझ्या नळातून, मी घासून ठेवलेल्या पेल्यात हे निघालं होतं, आणि ते मला कधीच जमलं नव्हतं.

"बरी आहे," मी म्हणाले.

"दादाही तेच म्हणाले." ती कडवट हसली. "माझ्यासमोर घोट घेतला, 'बरी आहे' म्हणाले आणि उरलेली मोरीत ओतली. वर्षभर मी त्यांच्या तोंडून एका शब्दाची वाट बघतेय. आधी म्हणे ते प्रत्येक टाकीचं झाकण उघडून नाक घालायचे. मी आल्यावर थंडीपर्यंत घालायचेही. आता इकडे फिरकत नाहीत. त्यांची 'गडद' मागं पडेल अशी भीती वाटत असेल."

"चाखायला म्हणून मोहोरचे कॅन कुणाकुणाला दिले होते?"

"चारच भरले होते. दादा, वहिनी, समोरचे बारवाले काका आणि मी. बाकी सगळी अजून टाकीत आहे."

"आणि मोठ्या ब्रुअरीचं बोलावणं?"

"आलंय. हो म्हटलेलं नाही."

"का?"

"इथं पहिली बनवली ना मी." तिनं हातमोजे काढले. "ताई, एक विचारू? मी आल्यापासून रोज ऐकते. ताईंचं नाक असं, ताईंनी हा बिघाड लांबून ओळखला, ताई असत्या तर. तुम्ही तर इथं नसतानाही इथंच असता. मोहोर तुमच्यामुळेच केली मी. म्हटलं, बघू तरी ते नाक काय म्हणतं. आणि तुम्ही 'बरी आहे' म्हणालात."

मी परत फिरले.

ऑफिसच्या दारातच मी थबकले. वासानं अक्षरशः भिंत उभी केली होती. गुंडीनं मन लावून काम केलं होतं, आणि दादा तिला मांडीवर घेऊन आनंदानं 'घोडा घोडा' करत होता.

"दादा! अरे, किती वेळ झाला?"

"कशाला?"

"लंगोट बघ तिचा!"

"हो का?" तो गडबडला. "कामाच्या नादात लक्षच गेलं नाही."

टेबलावर एक कागदसुद्धा नव्हता. मी हसून गुंडीला उचललं. पुरुषांचं हे असंच, असं म्हणून सोडून दिलं. आणि तिथंच चुकले.

३

बारवाले काका टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या खाली उतरवत होते.

"ये पोरी. तपास चाललाय म्हणे. मला हातकडी कधी घालतेस?"

"तुमचा कॅन दाखवा आधी."

त्यांनी फ्रिज उघडला. मोहोरचा कॅन मागच्या कोपऱ्यात होता. सील शाबूत, वर बर्फाची पांढरी साय.

"शनिवारी सगळ्यांबरोबर पिणार होतो. माझं नाव यादीतून काट. पण त्या मंडळाचं नाव काढू नकोस माझ्यापुढं. मागं एकानं काय लिहिलं माहीतंय? 'बिअर उत्तम, पण हात धुवायच्या साबणाला म्हातारीचा वास येतो. दोन तारे.' बिअरला दोन तारे, साबणापायी! बिअर करणाऱ्यानं कुणाच्या तोंडाकडे बघायचं? समोरासमोर कुणाची छाती आहे असं बोलायची? अंधारातून दगड मारायचा आणि पळायचं."

"मग बघता कशाला रोज?"

"न बघून सांगतो कुणाला?" काका ओशाळून हसले. "तिथं माणसंही आहेत गं. एक 'दाढदुख' आहे, दातांचा डॉक्टर. खराब बिअरचंही तो असं लिहितो की करणाऱ्याला वाटावं, पुन्हा करून बघू. नवीला तिचं अर्धं शिक्षण तिथूनच मिळालं, तिनंच सांगितलं मला. आणि हा तळघर! याच्या शब्दावर मी डोळे मिटून पिंपं मागवलीत. म्हणून तर जास्त लागलं. ऐऱ्यागैऱ्याचा एक तारा कोण विचारतं?"

"त्या मंडळाचे नियम काय असतात, काका?"

"एकच नियम आहे पाळण्यासारखा. स्वतःच्या घरच्या बिअरला तारे द्यायचे नाहीत."

तेवढ्यात रस्ता ओलांडून वहिनी आली आणि खुर्चीत बसली. आता दोन्ही चपला तिच्याच होत्या.

"सापडली का चोर?"

"वहिनी, तुझ्या कॅनचं काय केलंस?"

"केसांना लावला. चमक येते." काकांनी छातीवर हात ठेवला. वहिनीला बिअर म्हणजे काढा. नवऱ्याच्या धंद्याचा हिशेब ती चोख बघते, पण ओठाला लावत नाही.

"नवीवर इतका का राग तुझा?"

वहिनी बराच वेळ टेबलावरचा डाग पुसत राहिली. तो डाग नव्हता, लाकडाचाच रंग होता.

"हल्ली त्याला माझ्या हातचं काही गोड लागत नाही. थंडीपासून. ताटात बघतो, खातो, उठतो. विचारलं तर म्हणतो, कशातच राम नाही. इतकी वर्षं बोटं चाटत खाल्लंन, आणि आता राम नाही? मी मसाले बदलले, भांडी बदलली. कुणीतरी दुसरं आवडायला लागलं की घरचं असंच बेचव होतं. ती दिवसभर तिथं संत्री आणि फुलं हुंगत असते, आणि मी..." ती थांबली. "पाच वाजता तिला सांगणार आहे मी. बस झालं."

गुंडीला भूक लागली होती. काकांनी मागची खोली उघडून दिली. पोर एका हातावर, फोन दुसऱ्या हातात. बाळाला पाजताना जगातली सगळी कामं एका हातानं करायला आपण शिकतो. मी तळघराची जुनी परीक्षणं उघडली आणि अगदी पहिल्यापासून वाचत सुटले.

आणि मला त्या माणसाचाही हेवा वाटला! काय लिहायचा! कुणाच्या आंबूस बिअरमध्ये त्याला 'हिरव्या सफरचंदाचा, चावण्याआधीचा' वास सापडे. कुणाच्या धुरकट बिअरमध्ये विझवलेल्या काडीचा. शहरातल्या प्रत्येक ब्रुअरीची बिअर त्यानं प्यायली होती. कितीतरी नवख्यांना धीर दिला होता. किती वर्षं लिहीत होता, आणि एकदाही आमच्या...

माझा अंगठा थांबला.

आमच्या एकाही बिअरचं परीक्षण नव्हतं. 'गडद' सगळ्या मंडळानं डोक्यावर घेतली, आणि तळघर तिच्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. मोहोर ही पहिली.

मी पुढं सरकले. थंडीपर्यंत आले. तिथं दोन महिन्यांचं अंतर होतं, आणि त्यानंतरची परीक्षणं तोकडी, कोरडी. रंग. फेस. चव. रंग. फेस. चव. सकाळी काय खटकलं होतं ते आता लख्ख दिसलं.

मग मी उलटी मागं गेले. त्याच्या अगदी सुरुवातीच्या एका परीक्षणात, एका काळ्या परदेशी बिअरबद्दल एक ओळ होती: 'शिवणयंत्राच्या तेलाचा वास. दुपारचा. दार लोटलेलं, आणि बाप झोपलेला.'

मी ती ओळ तीनदा वाचली. फोन उलटा ठेवला. गुंडीचं पोट भरलं होतं. ती लाल होऊन, भुवया आक्रसून, गंभीरपणे जोर लावत होती. एरवी मी धावत तिला बदलायला घेतलं असतं.

त्या दिवशी नाही घेतलं.

४

पाचला सगळे ऑफिसात जमले. वहिनी खुर्चीत ताठ. नवी दाराजवळच्या खिडकीशी, पिशवी खांद्याला लावून, म्हणजे 'जा' म्हटलं की लगेच निघता यावं. काका तमाशा बघायला. दादा टेबलामागं.

"धर जरा," म्हणून मी गुंडी दादाच्या हातात दिली आणि बोलायला लागले.

"चार कॅन होते. काकांचा बंद आहे, मी बघून आले. वहिनीनं केसांना लावला. राहिली नवी."

"मी सांगत नव्हते?" वहिनी म्हणाली.

"पण नवी दप्तर घेऊन शाळेत जात होती तेव्हापासून तळघर बिअरवर लिहितोय. इतक्या वर्षांत त्यानं शहरातली एकही ब्रुअरी सोडली नाही. सोडली ती फक्त आपली. का? आपल्यावर राग असता तर शिव्या दिल्या असत्या. प्रेम असतं तर तारे दिले असते. त्यानं काहीच केलं नाही, कारण मंडळाचा नियम आहे. स्वतःच्या घरच्या बिअरला तारे द्यायचे नाहीत."

मग वहिनीनं पदराचं टोक नाकाला लावलं.

"आणि त्याच्या लिहिण्यातून थंडीनंतर एक गोष्ट नाहीशी झाली. रंग आहे, फेस आहे, कडू आहे, गोड आहे. वास नाही. एकाही बिअरला वास नाही. मोहोरसारख्या बिअरमधून वास काढून घेतला तर काय उरतं?"

"कडू पाणी," नवी हळूच म्हणाली. म्हणता म्हणता तिनं मागं हात नेऊन खिडकी उघडली होती.

"म्हणजे त्यानं खोटं लिहिलं नाही. त्याला जे लागलं तेच लिहिलं. आपण फक्त एवढंच शोधायचं, की आपल्यात नाक कुणाचं..."

"पोरी," काका नाक चिमटीत धरून गेंगाणले, "तुझा तपास थोर आहे, पण आधी त्या कार्टीला बदल! जीव जाईल इथं!"

वहिनीच्या तोंडाला पदर. नवी खिडकीला चिकटलेली. काका दाराकडे सरकलेले.

आणि दादा गुंडीला कवेत घेऊन, तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून, शांत बसला होता. त्यानं मान वर केली. आमचे चेहरे एकेक करून बघितले. मग खाली, मांडीवरच्या पोरीकडे बघितलं. त्याला कळलं.



"थंडीत ताप आला होता ना," दादा म्हणाला. आवाज इतका साधा होता की जणू तो पिंपांची मोजणी सांगत होता. "उतरल्यावर सकाळी दात घासायला घेतले तर पेस्टला वास नाही. म्हटलं पेस्ट खराब. मग साबण खराब. मग तुझा स्वयंपाक. शेवटी म्हटलं, सगळ्या जगाचं एकदम कसं बिघडेल?"

"आणि मला नाही सांगितलंस?" वहिनीचा पदर खाली आला.

"काय सांगू? ब्रुअरीवाल्याला नाक नाही? उद्या कॅनवर छापू?"

"इतके महिने मी... मला वाटलं माझ्या हाताची... तुला मी..." तिला राग आणि रडू यांतलं काय आधी काढावं ते ठरवता येईना. "चार चार मसाले बदलले मी, माणसा!"

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही गं."

"मोहोरचं बोला," नवी म्हणाली.

दादा तिच्याकडे बघेना. "तू पेला दिलास आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. मी घोट घेतला. नुसतं कडू. मला ठाऊक होतं की नाक माझं गेलंय. पण सगळे इतके खूश! वाटलं, कशावरून ही चांगली आहे? तुम्ही सांगता म्हणून? घरी आलो, फोन उघडला. तिथं इतकी वर्षं मी खरं तेच लिहीत आलोय. माझ्या जिभेला जे लागलं ते लिहिलं. लिहिताना बरं वाटलं." तो थांबला. "फार बरं वाटलं. तेच वाईट आहे."

"लिहिलंत ते मी समजू शकते," नवी म्हणाली. "पण सकाळपासून मला चोर ठरवत होते, आणि तुम्ही इथं बसून होतात."

दादानं फोन पुढ्यात ओढला. मी गुंडीला घेतलं, टेबलावर चादर पसरली आणि तिचा लंगोट बदलला. कुणी हसलं नाही. गुंडी तेवढी हसली.

५

दादानं त्याच टेबलावर बसून, आमच्या सगळ्यांसमोर लिहिलं. एक तारा त्यानं काढून टाकला आणि खाली लिहिलं:

'मी तळघर. मोहोर माझ्याच ब्रुअरीची आहे. मंडळाचा नियम मी मोडला. त्याहून वाईट म्हणजे, थंडीपासून मला वास येत नाही, आणि ते लपवून मी परीक्षणं लिहीत राहिलो. मोहोर मला कळलेली नाही. ज्यांनी माझ्या भरवशावर तारे दिले त्यांनी कृपया ते मागं घ्यावेत, आणि आधी पेला नाकाशी न्यावा. बनवणारीचं नाव कॅनवर असेल.'

ती शेवटची ओळ नवीनं सांगून लिहून घेतली. स्वतः इथं राहणार की नाही, हे तिनं तेव्हा सांगितलं नाही.

मंडळ मंडळासारखंच वागलं. कुणी तारा मागं घेतला, कुणी नाही. 'बहिरा गायक' अशी दादाची थट्टा झाली, त्यावर आणखी चार जणांनी आणखी चार विनोद केले. साखळीशेठनं निम्मीच मोहोर उचलली. पण शनिवारी ज्यांनी खरोखर प्यायली त्यांचे शब्द हळूहळू यायला लागले, आणि एकानं लिहिलं, 'कुणीतरी संत्रं सोलतंय म्हणून मी मागं वळून बघितलं.' नवीनं मला ते दाखवलं. मी म्हणाले, "छान लिहिलंय," आणि घशात पुन्हा तेच आलं. ते अजूनही येतं. पण या वेळी मी पुढं बोलले. तिची बिअर नाकाशी नेल्यावर मला काय काय दिसलं होतं ते सगळं, पाव भाजलेल्या खोलीपर्यंत, एकही शब्द हातचा न राखता सांगितलं. ती ऐकत राहिली. मग पिशवी खुंटीला अडकवून कामाला लागली.

आणि त्या दाढदुखनं दादाला लांबलचक लिहिलं. त्याचंही नाक असंच गेलं होतं म्हणे. रोज सकाळी लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी यांच्या बाटल्या हुंगायच्या. वास आला नाही तरी, कुणीतरी तो शेजारी बसून सांगायचा. नाक विसरतं, म्हणाला, पण त्याला गोष्ट सांगत राहायची. या माणसाला आम्ही आजवर पाहिलेलं नाही.

तेव्हापासून दादा रोज सकाळी माझ्याकडे येतो. वहिनीनं बाटल्यांवर रंगीत दोरे बांधून दिलेत. मी त्याचे डोळे बांधते.

"ओळख."

"काही नाही."

"लिंबू. नखाखाली झोंबतं ना, तसं."

"काही नाही. पुढचं."

बाटल्या संपल्या की तो गुंडीच्या टाळूत नाक खुपसतो आणि विचारतो, "आज कसा येतोय?" मी सांगते. ताज्या यीस्टचा आता राहिला नाही. थोडा दुधाचा, थोडा उन्हात वाळलेल्या दुपट्याचा. तो ऐकतो आणि म्हणतो, "तुझा फार हेवा वाटतो मला." कित्येक आठवडे असंच चाललं.

परवा तो तिला मांडीवर घेऊन बसला होता. मी बाटल्यांची बुचं लावत होते. एकदम त्याचा 'घोडा घोडा' थांबला. कपाळाला आठी पडली. त्यानं मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

"काय झालं?"

"गॅस चालू आहे का? रबर जळाल्यासारखं येतंय काहीतरी. घाणेरडं."

गॅस बंद होता. घरात रबर नव्हतंच. मी जवळ गेले, आणि माझ्या हातातली लवंगेची बाटली खाली पडली.

"दादा," मी म्हणाले, "शी केलीय तिनं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं गुंडीला दोन्ही हातांनी उचललं, लंगोट थेट नाकाशी नेला, डोळे मिटले आणि छाती भरून एक लांब, खोल श्वास घेतला.